मदत हवी आहे: प्लाझ्मातल्या विद्युत विभवाचा शून्य कुठे धरायचा?

मंडळी, कुणी हेवी आयन बीम प्रोबवर (प्लाझ्मातून जड आयनांचा झोत सोडून आतला विद्युत विभव मोजणारं उपकरण) काम केलंय का? मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आठवडाभर एकाच ठिकाणी अडकलोय.

माद्रिदच्या टीजे-२ (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणारं यंत्र) सारखी मांडणी समजा: १२५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा सीझियम बीम, चुंबकीय क्षेत्र १ टेस्ला. वर्तुळाची त्रिज्या जवळपास ५९ सेंमी येते, म्हणून आयन आत अडकून न पडता आरपार निघतो. वाटेत इलेक्ट्रॉन आदळला की एकाचे दोन प्रभार होतात. त्या बिंदूचा विभव φ आणि आयनचा मूळ प्रभार e धरला, तर आत शिरताना eφ इतकी ऊर्जा गमावली, निघताना 2eφ मिळाली, म्हणजे बाहेर मोजलेल्या ऊर्जेतला फरक थेट त्या बिंदूचा φ देतो. इथवर काय सुंदर आहे!

घोडं पेंड खातं ते पुढे. φ १२५ व्होल्ट असला, तर ऊर्जेतला फरक बीमच्या ऊर्जेचा फक्त हजारावा भाग. बाहेर पडलेल्या आयनांची ऊर्जा मोजणाऱ्या विश्लेषकात वरच्या-खालच्या प्लेटच्या करंटचा फरक भागिले बेरीज काढतो, पण आयन आत शिरण्याचा कोन जरा हलला तरी आकडा सरकतो. त्यात प्लाझ्माच्या अतिनील प्रकाशाने प्लेटवरून इलेक्ट्रॉन उडतात. बीम बंद असतानाही सिग्नल दिसतो, तो वजा करतोच.

प्लाझ्मा न पेटवता, यंत्रात नुसता विरळ वायू भरून तेव्हाचा φ शून्य धरावा, असं सरांनी सुचवलं. पण प्लाझ्माच्या स्वतःच्या प्रवाहाने मार्ग बदलला, तर तोच शून्य चालेल का? की प्रत्येक कोनासाठी वेगळी दुरुस्ती सिम्युलेशनमधून काढायची? तुम्ही प्रत्यक्षात काय करता?