गौताळा, पितळखोरा आणि पाटणादेवी: दोन दिवसांत काय पाहावे?

प्रश्न | गोदाकाठ, परभणी

नमस्कार. पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आम्ही घरची मंडळी परभणीहून स्वतःच्या गाडीने गौताळा अभयारण्याकडे येणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि शाळकरी मुले असतील. वेरूळ आणि अजिंठा सर्वांचे पाहून झाले आहे, त्यामुळे या वेळी डोंगर, जंगल आणि वाहते पाणी यांसाठीच येत आहोत. मुक्काम कन्नडला करण्याचा विचार आहे. गौताळा व पितळखोऱ्याची लेणी एकाच दिवसात नीट पाहून होतात का, आणि पितळखोऱ्याच्या पायऱ्या आईला झेपतील का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर | सातमाळा, कन्नड

कन्नडचा मुक्काम योग्य आहे; मात्र दोन्ही ठिकाणे एका दिवसात कोंबू नयेत. पहिला दिवस पूर्णपणे गौताळ्याला द्यावा आणि प्रवेशद्वार उघडताच आत शिरावे, कारण दुपारच्या उन्हात या शुष्क पानगळीच्या जंगलात पक्ष्यांचा आवाजसुद्धा मावळतो. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. पळस, धावडा, सालई, खैर ही येथील ओळखीची झाडे. नीलगाय, मोर आणि रानडुक्कर दिसण्याची शक्यता बरी असते. बिबट्या व अस्वल आहेत, पण त्यांच्या आशेने येऊ नये. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटरची चाल करून येथे पोहोचला आणि कॅमेऱ्यात टिपला गेला, ही गोष्ट मुलांना तलावाकाठी उभे राहून अवश्य सांगावी. एवढ्या लांबून आलेल्या जनावराला हे जंगल राहण्याजोगे वाटले, याचे आम्हा कन्नडकरांना फार अप्रूप आहे.

मोठ्याने गाणी लावणे, माकडांना खाऊ घालणे आणि प्लॅस्टिक मागे टाकणे, एवढे कटाक्षाने टाळावे ही विनंती.

उत्तर | प्रतिष्ठान, पैठण

पितळखोऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण अनेक जण तेथे केवळ धबधब्यासाठी जातात आणि लेणी न पाहताच परततात, याचे मनापासून वाईट वाटते. ही हीनयान, म्हणजे बौद्ध धर्माच्या सुरुवातीच्या काळातील लेणी असून त्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाली, म्हणजे देशातील अगदी जुन्या लेण्यांत त्यांची गणना होते. खडक ठिसूळ असल्याने पुष्कळ भाग ढासळला आहे. तरीही हत्तींची रांग, चैत्यगृहातील, म्हणजे प्रार्थनागृहातील, खांबांवर उरलेली चित्रे आणि डोंगरातून झिरपणारे पाणी नागाच्या फण्यांतून बाहेर पडावे अशी केलेली योजना आजही पाहता येते. चैत्यगृहाच्या खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा, दानलेख आहे, तर शेजारच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासात, मगिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबाने दिलेल्या दानाची नोंद आहे. येथेच सापडलेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून तिच्या हातावर ती घडवणाऱ्या कान्हदास या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. आमच्या गावच्या व्यापाऱ्याने गोदाकाठावरून इतक्या दूरच्या दरीत दान पाठवले, हे त्या खांबासमोर उभे राहिल्यावर जसे जाणवते तसे पुस्तकात वाचून जाणवत नाही.

पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात, परतीचा चढ मात्र वयस्कर माणसाचा दम काढतो. ऑक्टोबरमध्ये दगडांवर शेवाळ असते आणि ओढ्यालाही पाणी असते. आईंनी वरूनच दरी पाहावी आणि त्यांच्यासोबत एका मोठ्या माणसाने थांबावे, असे मी सुचवेन.

गोदाकाठ, परभणी

दोघांचेही आभार. आईला वर बसवून आम्ही खाली उतरायचे, हे मनाला पटत नाही. तिलाही पूर्ण वेळ सोबत राहता येईल असे एखादे ठिकाण आहे का?

उत्तर | सातमाळा, कन्नड

आहे. दुसऱ्या दिवशी औट्रम घाट उतरून चाळीसगावच्या बाजूने पाटणादेवीला जावे. डोंगराच्या पायथ्याशी चंडिकादेवीचे यादवकालीन दगडी मंदिर आहे, तेथे आईंना दर्शन घडेल, सावलीत निवांत बसता येईल आणि मुलांना भोवतालचे जंगलही मनसोक्त पाहता येईल. धवलतीर्थ व केदारकुंड हे धबधबे याच परिसरात आहेत. ज्यांना चालायचे आहे त्यांनी तिकडे जाऊन यावे. थोर गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला, असे इसवी सन १२०७ चा पाटण येथील शिलालेख सांगतो. गणिताची आवड असलेल्या मुलांसाठी ही जागा फार मोलाची आहे.

घाटाबाबत मात्र सावध राहावे. ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत येथे मोठ्या दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घाट सुरू असल्याची कन्नडमध्येच खात्री करून घ्यावी, अंधार पडण्यापूर्वी परत चढून यावे आणि रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर दुसऱ्या दिवशी घाट उतरण्याचा विचार सोडून वरच्या बाजूलाच फिरावे.

उत्तर | पाऊलवाट, सिल्लोड

मुले चालणारी असतील तर एक पर्याय सुचवतो. कन्नड तालुक्यातच नागापूरजवळ अंतूर किल्ला आहे. त्याची तटबंदी व दरवाजे अजून भक्कम असून त्यावर निजामशाही काळातील फारसी शिलालेख आहेत. तिसरा दिवस हाताशी असेल तरच तो घ्यावा आणि पिण्याचे पाणी खालूनच भरून न्यावे.