हिवाळ्याची सुट्टी खानदेशातच : तलाव, घाट आणि घरची माणसं – तुमचे अनुभव लिहा

खानदेश म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊनच आठवतं. जळगाव-भुसावळचा मे महिना, ४५ अंशांचा पारा, दुपारी ओस पडलेले रस्ते. ते खरंच आहे. पण दिवाळी सरली की हीच हवा पालटते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो, रानात गहू-हरभरा हिरवागार असतो, धरणांत पावसाळ्याचं पाणी अजून टिकून असतं. आणि नेमके तेव्हाच आपण पोराबाळांना घेऊन महाबळेश्वर नाहीतर गोवा गाठतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं.

मी मूळचा अमळनेरचा, सध्या पुण्यात. गेल्या वर्षी आबा म्हणाले, "आता लांबचा प्रवास झेपत नाही रे. पण तोरणमाळ राहून गेलं माझं." ७८ वर्षांचा माणूस. सगळी हयात सातपुड्याच्या एवढ्या जवळ काढली आणि तो फक्त लांबून, निळा निळा बघितला. मग ठरलं. चार दिवस, एक गाडी, सहा माणसं.

शहादा सोडलं की म्हसावद, मग राणीपूर, मग चढ सुरू. सातपायरीच्या घाटात मुलीला मळमळायला लागलं म्हणून तीनदा थांबलो, आणि थांबलो म्हणूनच घाट नीट बघायला मिळाला. वर पोचलो तर खोली सांगून ठेवली होती तिथं ती आधीच दुसऱ्या कुणाला देऊन झालेली. अंधार पडत आलेला, आबांच्या अंगावर एकच स्वेटर. मला रडू यायचं बाकी होतं. रस्त्याकडेच्या एका पावरा आदिवासी कुटुंबानं काही न विचारता ओसरी रिकामी करून दिली, चुलीशेजारी आबांना बसवलं, गोधड्या काढल्या. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, बाजूला मिठाचा खडा. सकाळी पैसे पुढं केले तर त्या घरच्या आजी म्हणाल्या, "लेकराला खाऊ घ्या." शेवटी बळेबळे त्यांच्या नातवाच्या हातात ठेवले.

उजाडताना यशवंत तलावावर गेलो. पाण्यावरून वाफ निघत होती. रात्रीत हवा झटकन थंड होते, पाणी मात्र आपली ऊब धरून ठेवतं, म्हणून ती वाफ. आबा काठावर उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि बराच वेळ तसाच ओला चेहरा घेऊन बसून राहिले. मग अहिराणीत म्हणाले, "आठे इतली थंडी ऱ्हास, माले ठाऊकच नही व्हतं." (इथं इतकी थंडी असते, मला ठाऊकच नव्हतं.) नंतर सीताखाई बघितली, कमळ तलाव बघितला, मच्छिंद्रनाथांची गुहा बघितली. पण घरी आल्यावर आबांनी सगळ्यांना सांगितलं ते तेवढंच, पाण्यावरची वाफ.

तुम्ही कुठं गेलात, कोण सोबत होतं, काय चुकलं, काय खाल्लं, सगळं लिहा. रस्त्यांची अवस्था तर जरूर लिहा, म्हातारी माणसं सोबत असली की तीच माहिती सगळ्यात उपयोगी पडते.

रावेरहून

आमचं ठरलेलं ठिकाण पाल. रावेरहून निघालं की केळीच्या बागा मागं पडतात आणि बघता बघता सागाचं जंगल सुरू होतं. यावल अभयारण्याचा हा भाग. सुकी नदीवरच्या गारबर्डी धरणावर दुपारपर्यंत थांबायचं आणि मग शेतात परत येऊन भरीत. आमच्याकडं हिवाळ्याची सहल भरताशिवाय होत नाही, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

वांगी बामणोदची. हिरवट-पांढरी, तळहातात मावणार नाहीत एवढी. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ करायचा, गॅसवर भाजलं की ती चव येतच नाही. सालं काळी होऊन आतून रस सुटायला लागला की बाहेर काढून थोडा वेळ झाकून ठेवायची, मग सोलायची. मिरच्याही त्याच जाळावर भाजायच्या. हे सगळं बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात घालून ठेचायचं, आणि ते काम आमच्याकडं पुरुषांचं. नाना ठेचायला बसले की त्यांच्या कपाळावर थंडीतही घाम येतो. वरून तेलात परतलेला लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. केळीच्या पानावर वाढायचं, सोबत पुरी नाहीतर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी.

गेल्या डिसेंबरात माझी नणंद नाशिकहून आली होती. तिच्या मुलानं केळीचं पान पहिल्यांदाच झाडावरून कापताना बघितलं. चिक कपड्यावर पडला की डाग जात नाही, हे नानांनी त्याला आधी सांगितलं, तरी त्यानं पान अंगाशी धरलंच. तो शर्ट नणंदेनं टाकला नाही.

एक मात्र सांगते. पालच्या रस्त्यावर माकडांना खायला घालू नका. ती गाड्यांखाली येतात.

चाळीसगावहून

पाटणादेवी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चाळीसगावपासून अर्ध्या तासावर, गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या पायथ्याशी चंडिकादेवीचं जुनं दगडी मंदिर आहे. तीन बाजूंनी डोंगर, मधे ओढा. हिवाळ्यात ओढा बारीक वाहतो, पण पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजता येतात.

माझी मुलगी सातवीत. गणिताचा तिला धाक. तिला तिथं नेलं ते मुद्दाम. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं इथं मठ चालवला आणि त्याला दान मिळालं, असं पाटणच्या शिलालेखात कोरलेलं आहे. (हा चांगदेव वेगळा, मुक्ताबाईंचे चांगदेव वेगळे. माझीही बरीच वर्षं गल्लत व्हायची.) मंदिराच्या पायरीवर बसून तिला सांगितलं, की शून्यानं भागलं तर काय होतं याचा विचार करणाऱ्या माणसाचे ग्रंथ या झाडीत बसून पोरं शिकत होती, आठशे वर्षांपूर्वी. ती काही बोलली नाही. परत येताना गाडीत विचारलं, "बाबा, मग काय होतं भागल्यावर?" मला त्या प्रश्नाचा जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

तिथून वर कन्नडला गेलो आणि तिथं चूक केली. घाट उतरायला संध्याकाळी सातला निघालो. हाच औट्रम घाट, इंग्रजांच्या काळात खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या औट्रमच्या नावाचा. मधल्या वळणावर एक ट्रक बंद पडला आणि दोन्हीकडून रांगा लागल्या. साडेतीन तास जागेवर. पोरांना भूक, गाडीत प्यायला पाणी नाही, पुढच्या गाडीच्या क्लचचा जळका वास. मागून चालत आलेला एक ड्रायव्हर काचेवर टकटक करून म्हणाला, "भाऊ, मागला लाईट चालू ठेवा, धुकं शे," आणि पुढच्या गाडीला तेच सांगायला गेला. कन्नड घाट दिवसाउजेडीच उतरा. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, सारखा ब्रेक दाबत राहिलं की तो तापतो आणि मग नेमका लागत नाही.

धुळ्याहून, एक प्रश्न

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिला धडगावकडची थंडी बघायची आहे, तिचं माहेर तिकडचं. तळोद्याहून जावं की शहाद्याहून? वाटेत पेट्रोलची सोय काय?

नंदुरबारहून, वरच्या ताईंना

ताई, मी अक्कलकुवा-धडगाव भागात शिक्षिका म्हणून नोकरी केली आहे, म्हणून अनुभवानं सांगते. तळोद्याहून गेलात तर चांदसैली घाट लागतो. फार देखणा, पण अरुंद आणि खड्या चढाचा. पावसाळ्यात तिथं दरडी येतात, हिवाळ्यात पहाटे धुकं असतं. आई सोबत असतील तर शहाद्याकडूनच जा, आणि टाकी खालीच पूर्ण भरून घ्या. दर तासाला गाडी थांबवून त्यांना पाय मोकळे करू द्या. गुडघ्यांना घाटाचा त्रास होत नाही, एका जागी आखडून बसण्याचा होतो.

आणि जमलं तर त्यांना डाबची सकाळ दाखवा. अक्कलकुवा तालुक्यातलं हे डोंगरावरचं गाव. कडाक्याची थंडी पडली की तिथं दव गोठतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं कुणीतरी गवतावर पीठ सांडलंय. बोट लावलं तर चरचरलं. वर्गातली मुलं अनवाणी येत होती, त्या गोठलेल्या गवतावरून. त्या दिवशी शाळा भरवली ती बाहेर उन्हात, शेकोटीभोवती. सहलीला जाणाऱ्यांना ते पांढरं गवत सुंदर दिसतं, आणि आहेच ते सुंदर. पण जाताना घरातले चांगल्या अवस्थेतले स्वेटर, कानटोप्या, मुलांच्या मापाचे बूट घेऊन जा. शाळेत नेऊन द्या, रस्त्यावरून वाटू नका.

उतरताना नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या बघा. मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली असते, नजर पोचेल तिथवर. लहान मुलांना वाऱ्याच्या दिशेला उभं करू नका, ठसका लागतो.

भुसावळहून

आम्ही घाटात जातच नाही. आम्ही हतनूरला जातो. धरण तापीवर, आणि पाणी मागं चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत पसरतं. रब्बीचं पाणी सुटलं की धरण हळूहळू उतरतं, काठचा गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळासाठीच पाहुणे पक्षी येतात.

माझे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. पहाटे उठायची सवय सुटत नाही, म्हणून दहा वर्षांपूर्वी नातवाला घेऊन ते काठावर जायला लागले. आज दोघांकडं मिळून एक दुर्बीण आणि तीन वह्या आहेत. तारीख, वेळ, पक्षी, किती. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक. आणि पट्टकादंब, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येणारा. एकदा गव्हाच्या शेतातून पट्टकादंबांचा थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून पाण्याकडं गेला. पंखांचा आवाज ऐकू आला, इतका खालून. सासऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली. मुलगा मोजत होता, त्र्याऐंशीवर त्याचा आकडा चुकला, तर त्यानं वहीत लिहिलं, "८३ नक्की, पुढचे मोजता आले नाहीत."

काठावर गाणी लावू नका, ड्रोन उडवू नका. एकदा उठलेला थवा परत तिथं बसेलच असं नाही, आणि लांबून आलेल्या पक्ष्याला विनाकारण उडवणं म्हणजे त्याची मिळवलेली ताकद घालवणं. परतताना चांगदेवचं मंदिर आणि मुक्ताईचं दर्शन होतंच.

शहाद्याहून

दत्तजयंतीच्या सुमाराला येत असाल तर सारंगखेड्याची यात्रा चुकवू नका. तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आमच्या आजोबांनी तिथूनच घोडी आणली होती. लहान पोरांचा हात सोडू नका आणि घोड्याच्या मागून जाऊ नका. बाकी बघायला डोळे पुरत नाहीत.

धुळ्याहून

सगळ्यांना लांब जाणं जमत नाही. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते, चार भावंडं, एक सायकल. हिवाळ्याच्या सुट्टीत ते आम्हाला पाळीपाळीनं नकाणे तलावावर न्यायचे. एका दिवशी एकच मूल, पुढच्या दांडीवर. त्यामुळं त्या दिवशी ते फक्त आपले असायचे. दांडीवर टॉवेल गुंडाळलेला असायचा, रुतू नये म्हणून. तलावाच्या बांधावर बसून गूळ-शेंगदाणे खायचे आणि त्यांनी लळिंगच्या किल्ल्याच्या गोष्टी सांगायच्या. चार वर्षांपूर्वी ते गेले. यंदा आम्ही चौघं भावंडं आपापली मुलं घेऊन बांधावर गेलो. थोरल्या बहिणीनं पिशवीतून तो टॉवेल काढला. तिनं तो इतकी वर्षं जपून ठेवला होता, आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

चोपड्याहून

सगळं वाचलं. छान वाटलं. पण हिवाळा म्हणजे आमच्याकडं कपाशीची वेचणी, हरभऱ्याचं पाणी, आणि शेतातल्या मोटरीला लाईट बऱ्याचदा रात्रीची. दोनला उठून पिकाला बारं (पाणी) द्यायला जावं लागतं, गारठ्यात पाय बधिर होतात. चार दिवसांची सुट्टी शेतकऱ्याला कुठून? आमची सुट्टी एक दिवसाची, आणि ती दरवर्षी उनपदेवला.

अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. गोमुखातून गरम पाणी बारा महिने पडतं. जमिनीत खोल तापलेलं पाणी भेगांतून वर येतं, असं पोराच्या गुरुजींनी सांगितलं. माझी माय सांगते, शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून काढलं. दोन्ही गोष्टी पोराला ठाऊक आहेत, ते बरं आहे. तिथं जायचं ते मायसाठी. तिचे हात वेचणीनं फाटतात, कपाशीच्या बोंडाची टोकं बारीक सुयांसारखी असतात, नखांच्या कडेला चिरा पडतात. ती त्या पाण्यात हात धरून बसते. पहिल्यांदा चरचरतं म्हणते, मग बरं वाटतं. घरून नेलेल्या भाकरी आणि ठेचा खाऊन पोरं धारेखाली खेळतात, बायको तासभर झाडाखाली झोपते. वर्षात तिची दिवसाची झोप तेवढीच.

मागच्या वर्षी माय म्हणाली, अजून थोडं बसू. बसलो. मग अंधार व्हायच्या आत निघालो, रात्री लाईट आली की मोटर चालू करायची होती.