आठ वर्षांचा मुलगा चाचणीचा पेपर लपवतो आणि तोंडावर खोटं बोलतो. काय करावं?

आसावरी_फोंडा
मुलगा तिसरीत. गणिताचा पेपर वहीच्या कव्हरात दुमडून ठेवलेला सापडला, 20 पैकी 6. "पेपर दिले का रे?" विचारलं तर म्हणतो, "टीचरने अजून दिलेच नाहीत." पोदेराकडे पाव आणायला पाठवलं की सुट्या पैशांचंही असंच. पप्पा हात उगारतात, आजी देव्हाऱ्यासमोर मंगेशाची शपथ घ्यायला लावते. सुरुवात कुठून करू?

समुपदेशक_म्हापसा
ताई, पेपर हातात असताना "दिले का?" विचारूच नका. अशा वेळी मूल घाबरून सुचेल ते बोलतं आणि मग ते निभवायला दुसरं खोटं लागतं. सरळ म्हणा, "पेपर मिळाला मला. 6 मार्क आहेत. कुठं अडलं ते बघू." आणि खरंच बघा. या वयात बहुतेक वेळा हातच्याची वजाबाकी किंवा 6 ते 9 चे पाढे कच्चे असतात. रोज 15 मिनिटं तेवढंच घ्या. मार्कांची भीती गेल्याशिवाय लपवणं थांबत नाही.

लपवण्याबद्दल वेगळं बोला, राग उतरल्यावर, दोनच वाक्यांत: "मार्क कमी पडले तर ओरडणार नाही. पेपर त्याच संध्याकाळी माझ्या हातात पाहिजे." पुढच्या पेपराला ओरडलात, तर हा शब्द त्याच्या लेखी संपला.

बालविकास_शिक्षिका
मारण्याबद्दल पप्पांना हे जरूर सांगा. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांचा 2011 चा अभ्यास आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या 3-4 वर्षांच्या मुलांचा. "पाठीमागचं खेळणं बघू नकोस" म्हणून मोठं माणूस बाहेर जायचं, परत येऊन "बघितलंस का?" विचारायचं. एका शाळेत छडी चालायची, दुसरीत नाही. छडीच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि पुढचे प्रश्नही जास्त सफाईने निभावून नेले. माराने खोटं कमी होत नाही, ते तयारीचं होतं.

शपथ नकोच. एकदा शपथ घेऊन खोटं निभावलं की एक तर देवाची धास्ती बसते, नाहीतर शपथेची किंमत जाते. त्याऐवजी विचारण्याआधी "खरं सांगशील ना?" म्हणून साधा होकार घ्या, प्रयोगांत याचा फरक पडलेला दिसतो. आजींना गोष्ट सांगू द्या, पण "लांडगा आला रे आला" नको. 2014 च्या प्रयोगात त्या गोष्टीने मुलं खरं बोलू लागली नाहीत. चूक कबूल करणाऱ्याला शाबासकी मिळते त्या गोष्टीने मात्र कबुली वाढली.

दादा_डिचोली
पैशांच्या बाबतीत मी थोडा कडक आहे. शाबासकी द्या, पण भरपाई सोडू नका. पैसे त्याच्यासमोर मोजून द्या, उरलेले आल्याबरोबर डब्यात. 20 रुपये कमी भरले तर चौकशी नको. खाऊच्या पैशांतून दर आठवड्याला 5 कापायचे. स्वतःहून सांगितलं तर एवढंच. लपवलं तर आठवडाभर पाव आणायला मोठं माणूस सोबत. नियम आधीच सांगून ठेवा, रागाच्या भरात नवीन काढू नका.

आणि दारात कोणी आलं की "पप्पा घरात नाहीत म्हणून सांग" हे आजपासून बंद.

समुपदेशक_म्हापसा
दादांशी सहमत. एवढंच जोडतो: खोट्यासोबत चोरी, मारामारी किंवा शाळेला जायचंच नाही असं महिनोन्‌महिने चाललं, तर घरात ताणत बसू नका; बालरोगतज्ज्ञांना भेटा, नाहीतर बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दाखवा. तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही दिसत नाही. आधी वजाबाकी बघा.