मदत हवी आहे: नवीन .32 रिव्हॉल्व्हरची घरी तपासणी किती करावी, आणि ट्रिगर हलका करून घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी विट्याजवळचा. घरचा धंदा गलाईचा, जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. माल घेऊन अवेळी प्रवास होतो, म्हणून स्वसंरक्षणासाठी रीतसर परवाना काढला आणि परवानाधारक दुकानातून .32 बोअरचं, सहा गोळ्यांचं कोरं रिव्हॉल्व्हर घेतलं. घडण जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरसारखी: वरचा खटका दाबला की नळी पुढे झुकते, मधे बिजागरी. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. कुणाबद्दल तक्रार करायची नाहीये, मला हत्यार समजून घ्यायचं आहे.

ते वापरायची वेळ कधीच येऊ नये हीच इच्छा. पण आली तर चाललं पाहिजे, आणि नको तेव्हा चालता कामा नये. या दोन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय मी ते कमरेला लावणार नाही.

आतापर्यंत काय बघितलं ते सांगतो. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवली, नळी आणि सहाही चेंबर (काडतुसं बसायची भोकं) उजेडाकडे धरून रिकामे असल्याचं बघितलं, मगच हात लावला. बॉडीवरचा नंबर, बिल आणि परवान्यावरची नोंद जुळते. कारखान्याचं घट्ट तेल सुती कापडाने पुसून काढलं. नळी आतून स्वच्छ आहे, आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) स्पष्ट दिसतात, तोंडाच्या कडेला टोचा नाही. खटका लावल्यावर नळी आणि बॉडी एकमेकांवर हलत नाहीत. घोडा पूर्ण मागे ओढून अंगठ्याने मागून जोर दिला, तरी सुटला नाही.

आता शंका.

पहिली शंका सिलिंडरची, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या चाकाची. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश ओढला, तर पाच चेंबरना सिलिंडर आधी अडकतो आणि मग घोडा चढतो. एका चेंबरला मात्र घोडा चढून जातो आणि सिलिंडर केसभर मागे राहतो. बोटाने हलकं ढकललं की टक्‌ करून बसतो. नेहमीच्या वेगाने ओढलं तर सहाही बरोबर बसतात. हा दोष धरायचा का?

दुसरी: गाडीचे टॅपेट सेट करायला वापरतो ती फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) माझ्याकडे आहे. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजली. पाच चेंबरना 0.15 मिमीची पाती जाते, एकाला 0.20 ची. हा फरक चालतो का?

तिसरी, आणि खरं विचारायचं ते हेच. डबल अ‍ॅक्शनला ट्रिगर फार जड आहे (घोडा आधी न चढवता नुसता ट्रिगर ओढून झाडताना). सामान तोलायचा हुकाचा काटा लावून बघितलं तर सहा किलोच्या आसपास ओढावं लागतं. घोडा आधी चढवला तर बराच हलका. ओळखीतले एक जण, बंदुकांची कामं करतात, म्हणाले, "मेन स्प्रिंग थोडी घासून पातळ करतो, लोण्यासारखा होईल ट्रिगर." माझं मन घेत नाही. स्प्रिंग एकदा घासली की घासली. पण इतक्या जड ट्रिगरने घाईत नेम राहील का, हीसुद्धा काळजी आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

प्रतिसाद (सातारा, निवृत्त आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा)

विटेकर भाऊ,

मन घेत नाही ते बरोबरच आहे. स्प्रिंगला हात लावू देऊ नका.

मेन स्प्रिंगचं काम ट्रिगर जड करणं हे नव्हे. घोडा इतक्या जोराने आदळला पाहिजे की काडतुसाच्या बुडातली प्रायमरची टोपी दरवेळी पेटावी. ती पेटवायला लागणारा जोर प्रत्येक लॉटला थोडाफार वेगळा असतो. स्प्रिंग पातळ केली की आज सगळी काडतुसं उडतील, उद्या दुसऱ्या लॉटमधलं एखादं नुसतं "टक" करेल. आणि वेब्लीच्या घडणीत त्याच स्प्रिंगच्या जोरावर, बोट उचलल्यावर घोडा किंचित मागे सरकतो आणि प्रायमरवर आदळणारी पिन आत जाते. तो जोर कमी केला तर पिन प्रायमरला टेकून राहायची भीती. म्हणजे तुम्ही ज्या दोन गोष्टी मागताय, त्या दोन्ही एका कानशीने घालवाल.

हे स्वतः तपासून घ्या. रिकाम्या हत्याराचा घोडा खाली, बोट ट्रिगरवरून पूर्ण बाजूला. खटका उघडून सिलिंडरमागच्या पत्र्यातलं पिनचं भोक बघा. पिन बाहेर दिसता कामा नये. घोड्याला अंगठ्याने पुढे रेटलं तरी दिसता कामा नये. दिसली तर हत्यार त्याच दिवशी दुकानात परत.

कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र कायदा 1959, कलम 5. दुरुस्ती, बदल, चाचणी ही कामं त्यासाठीचा परवाना असलेल्यानेच करायची. ओळखीतल्या माणसाकडे तो परवाना आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर हत्यार त्याच्या हातात सोपवणंसुद्धा तुम्हाला महागात पडेल.

आता सिलिंडर. रिकाम्या सिलिंडरवर केलेल्या तपासणीवर निकाल देऊ नका. मागचा काडतुसं उचलणारा तारा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, रिकामा असताना जरा डुलतो. सिलिंडर फिरवणारी पट्टी त्याच ताऱ्याच्या दातांना ढकलते, त्यामुळे तो डुलला की सिलिंडर मागे राहिल्यासारखा दिसतो. चेंबरमध्ये डमी (दारू आणि चालू प्रायमर नसलेली नकली) काडतुसं घातली की ताऱ्याला दोन्हीकडून आधार मिळतो आणि खरं टायमिंग दिसतं. त्याआधी ताऱ्याखाली कापडाचा धागा, जुनं तेल, लोखंडाचा कीस अडकलाय का बघा. नवीन हत्यारात हे हमखास सापडतं. ब्रशने साफ करा, डमी भरा, आणि सिलिंडरला बोटाने अगदी हलका अटकाव देऊन सावकाश घोडा ओढा. सहाही चेंबर घोडा चढायच्या आधी अडकले तर काळजी नाही. तरीही एक मागे राहिला तर दुकानामार्फत कारखान्यात पाठवा. पट्टी बदलणं किंवा बसवणं त्यांचं काम आहे.

फटीबद्दल: 0.10 ते 0.25 मिमी सर्वसाधारण चालते. 0.15 आणि 0.20 दोन्ही त्यात बसतात. मात्र पाती घालताना सिलिंडर मागे दाबून धरा, नाहीतर तो पुढे सरकलेला असला की फट आहे त्यापेक्षा कमी दिसते आणि आकडा फसवतो. दरवेळी तसंच धरून पुन्हा मोजा.

ट्रिगर मऊ करायचा सरळ मार्ग म्हणजे वापर. डमी काडतुसं घालून, सुरक्षित दिशेला, रोज थोडा वेळ डबल अ‍ॅक्शन ओढत राहा. आतल्या घासणाऱ्या जागा एकमेकींना बसतात. स्प्रिंग तेवढीच राहते, पण खरखर जाते, आणि बोटाला जड वाटतं ते बरंचसं त्या खरखरीमुळेच. डमीशिवाय रिकामा घोडा पाडत बसू नका, पिनला मार बसतो.

---

प्रतिसाद (सांगली, नेमबाजी करणारा)

आर्मरर काकांनी यंत्राचं सगळं सांगितलं आहे. मी नेमाचं सांगतो.

सहा किलो ऐकून घाबरू नका. आमच्या 25 मीटर पिस्तुल प्रकारात ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा लागतो आणि बरेच जण त्याच्या जवळपासच ठेवतात, पण ते हत्यार कमरेला लावून हिंडायचं नसतं. खिशात, गर्दीत, घाबरलेल्या हातात असणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा जड डबल अ‍ॅक्शन हीच त्याची सेफ्टी. वेगळा सेफ्टीचा खटका बहुतेक रिव्हॉल्व्हरना नसतोच.

जडपणा हाताळायचा तर आधी मूठ बघा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट पोचतंय का? मूठ हाताला जाड असेल तर बोट टोकाने ओढतं आणि नळी बाजूला जाते. लाकडी ग्रिप बदलून किंवा बारीक करून हा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि यंत्राला धक्काही लागत नाही. "फाइन ट्यूनिंग" म्हणून माझ्या मते एवढंच करावं.

पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) घासायची घाई नको. ती घासून कमी केली की गोळी वर लागते, वाढवता मात्र येत नाही. आधी परवानगी असलेल्या रेंजवर, टेकू घेऊन, एकाच लॉटच्या काडतुसांचे गट (एकाच नेमाने ओळीने काही गोळ्या) मारून बघा. गट जवळजवळ आणि सतत खालीच पडत असेल, तरच गनस्मिथकडे विषय काढा. गोळ्या पसरत असतील तर दोष माशीचा नाही.

रानात, मळ्यात झाडून बघायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर, इतरांचा जीव धोक्यात येईल अशा निष्काळजी किंवा लग्न-वरातीत आनंदाने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

काडतुसं घेताना "रिव्हॉल्व्हरची .32" असं स्पष्ट सांगा. तुमचं काडतूस .32 स्मिथ अँड वेसन लाँग, त्याला बुडाशी बाहेर आलेली कड असते. पिस्तुलाचं .32 आखूड आणि वेगळं. नाव सारखं म्हणून दुकानात गल्लत होते, आणि ते तुमच्या चेंबरमध्ये शिरतंही. शिरलं म्हणून चालवू नका. बुडावर "केएफ" असेल तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं.

---

धागाकर्ता

काका, तुमचं खरं निघालं. ताऱ्याखाली बारीक कीस होता, मॅग्निफायिंग काचेशिवाय दिसला नसता. साफ करून डमी भरल्या, सहाही चेंबर आधी अडकतात. पिन आत राहते, रेटलं तरी दिसत नाही. सिलिंडर मागे दाबून फट पुन्हा मोजली, सगळीकडे 0.20 आली. स्प्रिंगवाल्यांना नको म्हणून कळवलं. ग्रिप माझ्या हाताला खरंच जाड आहे, परवाना असलेल्या गनस्मिथकडून बारीक करून घेतो.

दोन गोष्टी राहिल्या. चेंबरमध्ये तेल ठेवायचं का? आणि चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवलं तर चालेल का? विट्याकडे हवा कोरडी असते, पण कामासाठी मुक्काम केरळात असतो. परवाना अखिल भारतीय आहे.

---

प्रतिसाद (सातारा, निवृत्त आर्मरर)

चेंबर आणि नळी भरायच्या आधी कोरड्या पुसा. तेल प्रायमरमध्ये झिरपलं तर काडतूस मरतं आणि वरून काही कळत नाही. बाहेरून मात्र तेलाचा पुसट हात रोज फिरवा, केरळात तर नक्कीच. घामाचे ठसे गंजाला पुरतात.

होल्स्टर फक्त अंगावर असताना. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार धातूला खातात, म्हणून मुक्कामावर हत्यार बाहेर काढून, तेलाच्या कापडात, काडतुसांपासून वेगळं, कुलपात. दसऱ्याला शस्त्रपूजेत ठेवलंत तर हळदकुंकू थेट पोलादावर वाहू नका, खाली कापड घालून त्यावर वाहा, आणि पूजा उठली की लगेच पुसून तेल लावा. घोड्याच्या फटीत गेलेलं कुंकू ओल धरून बसतं. असं गंजून लाल झालेलं हत्यार मी बरेचदा उघडलं आहे.

पहिल्यांदा रेंजवर झाडल्यावर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या टाकू नका. प्रत्येकीच्या प्रायमरवर पिनचा खड्डा मधोमध आणि सारख्या खोलीचा आहे का ते बघून इथे कळवा.