मदत हवी आहे : ३ वर्षांची मुलगी कानाचं मशीन काढून फेकते (पेठ, जि. नाशिक)

अंगणवाडीतल्या या मुलीच्या बेरा तपासणीत (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी चाचणी) दोन्ही कानांना तीव्र श्रवणदोष निघाला. कानामागे लावायची मशीनं गेल्या दिवाळीत मिळाली. आता ती सतत शिट्टी मारतात, पावसात मध्येच बंद पडतात. आई खुणा करते, पण आजीला वाटतं की खुणांची सवय लागली तर पोर बोलणार नाही. भाताची आवणी (लावणी) सुरू असल्याने दर आठवड्याला नाशिकला थेरपीला जाणं अशक्य आहे. घरी काय करता येईल?

प्रतिसाद १
ताई, आधी मोल्ड बघा, म्हणजे कानात बसणारा, नळीने मशीनला जोडलेला साचा. या वयात कान वाढतो आणि मोल्ड तीन ते सहा महिन्यांत सैल पडतो. फटीतून निसटलेला आवाज परत माइकमध्ये शिरतो, त्याचीच शिट्टी होते. ती थांबवायला आवाज कमी करू नका, मुलीचं ऐकणंही तेवढंच घटतं. नव्या मापाचा फक्त मोल्ड लागेल, मशीन तेच चालेल. कानात मळ साचला तरी शिट्टी वाजते. काडी न घालता डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात नळीत पाण्याचा थेंब अडकतो. मोल्ड नळीसकट सोडवून रबरी फुंकणीने हवा मारा, तोंडाने फुंकलं तर उलट वाफ जाते. रात्री सेल काढून मशीन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. चुलीजवळ नको. सेल मुलीच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर तडक दवाखाना गाठा.

प्रतिसाद २
रोज सकाळी एकेका कानाचं मशीन तपासा. तिच्या मागे, हातभर अंतरावर बसून आ, ई, ऊ, म, श, स हे आवाज क्रम बदलत, मधलं अंतर कमीजास्त ठेवत काढा. ऐकू आलं की तिने वाटीत खडा टाकायचा. तीव्र दोषात 'स' कधीच ऐकू न येणं शक्य आहे, म्हणून तुलना तिच्या कालच्या नोंदीशीच करा. काल ऐकलेला आवाज आज गेला असेल, तर सेल, नळी, मोल्ड याच क्रमाने बघा.

आजींना जरूर सांगा, खुणांमुळे बोलणं अडत नाही. भाषेशिवाय गेलेली वर्षं मात्र भरून काढणं फार अवघड असतं. पाणी, भाकर, नको, आणखी, झालं एवढ्यापासून सुरुवात करा. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशाचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. एका शब्दाला घरात सगळ्यांची एकच खूण हवी. खूण करताना तोंडानेही बोला, मग तिच्या उत्तरासाठी थांबा. मोठी माणसं इथेच घाई करतात. घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलत असतील तर कोकणाच बोला.

एक काम मात्र लांबवू नका. मशीन लावून तिला किती ऐकू येतं, याची तपासणी नव्या मोल्डवर करून घ्या. पुरेसं ऐकू येत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या ऐकण्याच्या उपकरणाचा) विचार करावा लागेल आणि जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत देणारी योजना) त्याला ५ वर्षांची वयोमर्यादा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांमधले दोष लवकर तपासून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राची) चिठ्ठी घ्या. मोल्डचं माप आणि ही चौकशी एकाच खेपेत होऊ शकेल, फक्त निघण्याआधी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) कोणत्या वारी असतात ते फोनवर विचारा.