प्रतिसाद: जुन्या ऑक्टाव्हियाचा रेडिओ 'सेफ'वर अडकलाय

तुमच्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या रेडिओवर बॅटरी बदलल्यापासून 'सेफ' दिसतंय म्हणालात, म्हणजे तो चोरीपासून बचावाचा कोड मागतोय, तर अंदाजाने कोड टाकत बसू नका. दोनदा चुकलात की रेडिओ तासभर लॉक, आणि तो तास रेडिओ चालू ठेवूनच काढावा लागतो. आधी गाडीची कागदपत्रं चाळा, नाहीतर रेडिओ बाहेर काढून लेबलवरचा सीरियल नंबर डीलरला द्या.

वर कुणीतरी सुचवल्याप्रमाणे जुना रेडिओ काढून त्याजागी अँड्रॉइडवर चालणारी स्क्रीनवाली सिस्टिम टाकायची तर खुशाल टाका. पण छपरावरच्या अँटेनाच्या अँप्लिफायरला (सिग्नल वाढवणाऱ्या भागाला) अँटेनाच्याच केबलमधून 12 व्होल्ट लागतात. ते पुरवणारा अडॅप्टर नसेल तर एफएमवर नुसती खरखर. लाल (चावीबरोबर चालू होणारी) आणि पिवळी (कायम चालू) वायरही तपासा, उलटी लागली की चावी काढताच सेव्ह केलेली स्टेशनं गायब. आणि गाडीच्या वायरिंगला थेट जोडायचा कपलर मिळतो हो, वायरिंग कापू देऊ नका!