खांदेरीला ‘नुसता दिवा’ नाही

‘साताऱ्याहून अलिबागजवळच्या थळपर्यंत मरमर करत जायचं आणि बघायचं काय, तर एक दिवा?’ दादा, तुमचा हिशोब चुकतोय. १६७९ साली शिवाजी महाराजांनी आपले आरमारी सरदार मायनाक भंडारींकरवी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ल्याचं बांधकाम काढलं, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी गलबतं आणून अडवून पाहिलं. जमलं नाही. पुढे १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या बाजूला आले. बेटावरच्या दीपगृहाला, म्हणजे तुमच्या त्या ‘दिव्याला’, आज कान्होजींचंच नाव आहे.

मनोरा अष्टकोनी, १८६७ चा, इंग्रजी अमलातला. ‘एवढासा दिवा इतक्या लांबून दिसतो कसा’ म्हणाल, तर दीपगृहांतली खरी करामत भिंगाची असते. एकच जाडजूड भिंग न घेता फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेची कडी एकाभोवती एक बसवली. प्रत्येक कडं आपल्या वाट्याचा उजेड वळवतं आणि इकडेतिकडे फुकट जाणारा प्रकाश एका आडव्या झोतात समुद्रावर जातो.

आणि हो, बेटावरचा तो धातूसारखा वाजणारा दगड चुकवू नका. छोट्या धोंड्याने ठोका, टणटण आवाज येतो. पोरं तिथून हलत नाहीत! फक्त पावसाळ्यात जाऊ नका, समुद्र खवळलेला असतो.